तीन ऑर्किड, एक बादली आणि बाबा

२८ जानेवारी २०२४, रविवार

वही आज सुरू. गेल्या वर्षी दोन ऑर्किड गेली आणि ती कधी, कशाने गेली हे सांगायला माझ्याकडे एकही तारीख नव्हती. नुसतं "पानं सुकली". पानं तर सगळ्यांचीच सुकतात.

सध्या घरात तीन झाडं. फॅल-१ जांभळं आणि फॅल-२ पांढरं, दोन्ही फॅलेनॉप्सिस, पूर्वेच्या खिडकीत पातळ पडद्याआड. तिसरं डेंड्रोबियम, बाल्कनीत टांगलेलं. (आमरी हा शब्द मला ऑर्किडपेक्षा आवडतो, पण आमच्या इंदूरच्या टिळकनगरात तो उच्चारला की समोरचा आंब्याची चौकशी करतो.)

फॅल-१ : खालची दोन पानं लुळी, हाताला जुन्या चपलेसारखी. नवं पान येतंय, पण पेटीच्या भात्यासारख्या आडव्या चुण्या घेऊन. फॅल-२ : सात फुलं, चार पानं, पानांची टोकं किंचित काळी. डेंड्रो : जुन्या काडीवरचं एक पान पिवळं. त्याची चिंता नाही, जुन्या काड्या हिवाळ्यात पानं टाकतातच.

निदान : तहान. पाणी वाढवायचं.

४ फेब्रुवारी

पाणी वाढवण्याचं काम बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, आनंदानं घेतलं. सकाळी सहाला तुळस, मग मोगरा, मग ही तिघं. झाडांना पाणी घातल्याशिवाय ते चहा घेत नाहीत. रोपवाटिकेतल्या भियानंही (इंदुरी बोलीत भैया) हेच सांगितलं होतं : "कुछ नहीं होता मैडम, बस पानी देते रहो."

११ फेब्रुवारी

फॅल-१ चं तिसरं पानही मान टाकतंय. फॅल-२ च्या टोकांचा काळेपणा अर्धा सेंटिमीटर आत सरकला. बुरशी असावी म्हणून कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेब, लिटरला दोन ग्रॅम, फवारलं. हातमोजे घालून, तोंड बांधून, बाल्कनीत नेऊन. नंतर तीन दिवस पानांवर पांढरे डाग. रोगाचे आहेत की औषधाचे हेच कळेना.

२४ फेब्रुवारी

आज फॅल-१ कुंडीतून काढलं. हे महिन्यापूर्वी करायला हवं होतं.

वरून सालीचे तुकडे दिसत होते, ते वरवरचेच. आत बुंध्याशी लिंबाएवढा मॉसचा, म्हणजे शेवाळाचा, गोळा, घट्ट, चिंब, आंबूस वासाचा. रोप लहान असताना ज्या प्लास्टिकच्या जाळीत वाढलं, तिच्यासकट विकलेलं. वरची साल दोन दिवसांत वाळायची, ती बघून आम्ही पुन्हा पाणी घालायचो. गोळा मात्र कधीच वाळला नाही.

मुळं मोजली : चौदा. त्यांतली घट्ट, जिवंत तीन. बाकीची तपकिरी, पोकळ. बोटांत धरून ओढलं की साल निसटून हातात येते आणि आतला दोरा तेवढा उरतो. ऑर्किडच्या मुळावर वेलामेन म्हणून स्पंजासारखं आवरण असतं. कोरडं असताना ते रुपेरी दिसतं, भिजलं की आतला हिरवा रंग वर येतो. ही झाडं मुळात दुसऱ्या झाडांच्या फांद्यांवर राहणारी. सर आली की पाणी पटकन पिऊन घ्यायचं आणि मग वाऱ्यावर वाळायचं, अशी त्या मुळांची सवय. त्यांना चिंब गोळ्यात कोंबलं की हवा तुटते आणि ती कुजतात. मग झाड पाण्यात बसून तहानेनं मरतं. आम्ही तहान ओळखली ती बरोबर, उपाय उलटा केला.

चुण्यांचाही उलगडा झाला. पान कोवळं, वाढतं असताना पाणी पोचलं नाही की त्या पडतात, आणि पुढे कितीही पाणी मिळालं तरी जात नाहीत. हे पान आता जन्मभर पेटी वाजवणार.

केलं ते : कुजकी मुळं कापली, ब्लेड प्रत्येक वेळी ज्योतीवर धरून. ऑर्किडचे विषाणू एका झाडातून दुसऱ्यात पात्यावरूनही जातात, म्हणून फॅल-२ साठी वेगळं ब्लेड ठेवलंय. दालचिनीची पूड फक्त कापलेल्या पानाला लावली. मुळांना ती लावू नये, चांगली मुळंही वाळतात. पारदर्शक प्लास्टिकचा डबा घेऊन तापवलेल्या खिळ्यानं बुडाला आणि बाजूंना भोकं पाडली. आत चिडाच्या सालीचे मोठे तुकडे आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून आणलेला लाकडी कोळसा, दोनास एक. पारदर्शक अशासाठी की आता मुळांचा रंग बघूनच पाणी द्यायचं. रुपेरी असतील तर द्या, हिरवी असतील तर हात मागे.

फॅल-२ ला फुलं आहेत म्हणून तूर्त चिमट्यानं वरूनच मॉस उपसलं. दिसली तेवढ्यात नऊ मुळं धडधाकट.

२५ फेब्रुवारी

काळ्या टोकांचा प्रश्न राहिला होता. कुंडीच्या काठावर पांढरी पुटं दिसली म्हणून ओळखीतून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं मीटर आणलं. थेट नर्मदेचा नळ २४०. इमारतीच्या टाकीतलं, म्हणजे नर्मदा आणि बोअरिंगची मिसळ, ५३०. आणि बाबा ज्या बादलीतून झाडांना पाणी घालतात ती ८७०.

ती बादली आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याची आहे. मीच ठेवलेली, पाणी वाचवायला. आरओ जे क्षार गाळून काढतो ते सगळे त्याच नळीतून बाहेर पडतात, आणि आम्ही ते वर्षभर ऑर्किडांना पाजलं. पाणी उडून जातं, क्षार मागे साठतात. कोवळी मुळाग्रं जळतात, पानांची टोकं काळी पडतात. बुरशी नव्हतीच.

"बाबा, ही बादली आता झाडांना नको."

"मग काय मोरीत ओतायची? एवढं पाणी?"

"फरशी पुसायला घेऊ."

"तुळस सहा वर्षं हेच पितेय सूनबाई."

यावर माझ्याकडे उत्तर नाही. तुळस खरंच उत्तम आहे.

तह असा झाला : ऑर्किडांना नळाला नर्मदा येईल तेव्हा भरून ठेवलेलं पाणी. रोज तांब्याभर नाही, तर मुळं रुपेरी झाली की पंधरा मिनिटं बुडवून अंघोळ आणि पूर्ण निथळणं. बाबांनी कालनिर्णयवर आजच्या चौकोनात बारीक "अं" लिहिला.

१७ मार्च

फॅल-२ ची फुलं गळली. झाड दणकट आहे म्हणून दांडी न कापता तिच्यावरून पिल्लू काढायचा प्रयत्न.

फुलाच्या दांडीवर पेरं असतात आणि प्रत्येक पेराशी पातळ पापुद्र्याखाली एक डोळा झोपलेला. उसाचा असतो तसाच. वरचे डोळे फुलांकडे झुकलेले, खालचे दोन-तीन बहुधा निजूनच राहतात. त्यांना जागं करायला सायटोकायनिन हे वाढीचं संप्रेरक लागतं. बाजारात मिळतं ते मलम म्हणजे लॅनोलिनमध्ये मिसळलेलं बेंझिल अमिनो प्युरिन. अशा पिल्लाला केइकी म्हणतात. शब्द हवाई बेटांवरचा, अर्थ मूल.

सराफ्यातून आणलेल्या सोनाराच्या चिमट्यानं खालून दुसऱ्या आणि तिसऱ्या पेराचा पापुद्रा सोलला. डोळ्यावर सुईनं अगदी हलका ओरखडा आणि मोहरीएवढं मलम. तिसऱ्या पेरावर हात सैल सुटला, मोहरीचा हरभरा झाला. पुसून काढायला हवं होतं. तितका फायदा जास्त, अशी हाव झाली, पुसलं नाही.

चौथ्या पेराला आणि टोकाला काहीही लावलेलं नाही.

३० मार्च, रंगपंचमी

गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला सगळे राजवाड्याला. आमच्या गल्लीतली पोरंही काही कमी नव्हती, परत आलो तर डेंड्रोवर गुलाबी पाण्याचा सडा. धुतलं. बाकी नोंद : दुपारी ३८ अंश, घरातली आर्द्रता २१ टक्के.

९ एप्रिल, गुढीपाडवा

गुढी पूर्वेच्या खिडकीत उभारायची म्हणून बाबांनी सकाळी दोन्ही फॅल उचलून पश्चिमेच्या गॅलरीत ठेवली. श्रीखंड, पुरी, दुपारची झोप. मला आठवलं तेव्हा पाच वाजले होते. फॅल-२ चं सगळ्यात मोठं पान हाताला तव्यासारखं गरम.

१२ एप्रिल

त्या पानावर रुपयाएवढा फिकट चट्टा. मध्ये पांढरट, कडेनं तपकिरी.

बाबा अपराधी चेहऱ्यानं दिवसातून चारदा बघून जातात आणि विचारतात, "रोग पसरेल का गं?" सांगितलं, बघूच. पेनानं चट्ट्याची कड आखून ठेवली. उन्हानं भाजलेलं असेल तर ते वाळेल, काळं पडेल, कागदासारखं होईल, पण रेषा ओलांडणार नाही. जिवाणूची कूज असेल तर चट्टा पाणीदार दिसेल, दाबला तर पिचकेल, वास मारेल आणि दोन दिवसांत रेषेपार जाईल. त्या वेळी थांबायचं नसतं, निरोगी भागातून दोन सेंटिमीटर आत घेऊन पान कापायचं.

१६ एप्रिल

रेषेच्या आत. भाजलंय, दुसरं काही नाही. पान काढणार नाही, उरलेला हिरवा भाग झाडाला अन्न पुरवतोच आहे. बाबांनी चहा नीट घेतला.

२८ एप्रिल

दांडीची खबर. दुसरं पेर : ढिम्म. तिसरं, हरभऱ्याचं : फुगलंय, हिरवी गाठ. चौथं, बिनमलमाचं : एक टोकदार कोंब. तो फुलाचा फाटा असेल की पिल्लू, हे एवढ्यात सांगता येत नाही.

१९ मे

कूलर लागून तीन आठवडे झाले. फॅल दोन्ही कूलरच्या झोतापासून बाजूला, पण त्याच खोलीत. वाळ्याच्या जाळ्या ओल्या असल्या की आर्द्रता ६० च्या वर जाते. बाहेर ४२ अंश आणि हवा नुसती भट्टी. पाचशे रुपयांची ह्युमिडिफायरची खेळणी आणायचा बेत रद्द. इंदूरचा लोखंडी कूलर काय वाईट आहे?

चौथ्या पेराच्या कोंबाला समोरासमोर दोन पानं फुटली. पिल्लू आहे!

आणि त्याला मी काहीही लावलेलं नव्हतं. याचं कारण वाचून काढलं. फॅलला फुलाची दांडी यायला थंडी लागते, साधारण पंचवीस अंशांखालचे काही आठवडे. दांडी आल्यावर मात्र हवा तापली, अठ्ठावीसच्या वर राहू लागली, की उरलेले डोळे फुलाचा विचार सोडून पानांकडे वळू शकतात. म्हणजे चौथं पेर माळव्याच्या उन्हाळ्यानं उठवलं. तिसऱ्या पेरावर माझ्या मलमानं जे केलं ते असं : तीन वेडेवाकडे कोंब एकमेकांत गुंतलेले, पानं आखूड नि जाड, मुळाचं चिन्ह नाही. कोबीचा गड्डा करायचा असता तर जमला असता.

२६ मे

फॅल-१ गेलं, असं आत्ता तरी वाटतंय. सकाळी मधलं पान बोट लावताच सुटून आलं. खाली पोंगा काळा, चिकट. उकाडा म्हणून बाबा रोज संध्याकाळी स्प्रेच्या बाटलीनं "तोंड धुवायचे". पोंग्यात पाणी रात्रभर साठलं, त्यात बंद खोलीतली कूलरची दमट हवा. कोंब वाढतो तिथेच कूज. फॅल एका खोडावर सरळ वर वाढणारं झाड, त्याला वाढीचं टोक एकच. ते गेलं की नवं पान नाही.

काळा भाग खरवडला, कोरडा केला, दालचिनी भरली. बाबांना काही बोलले नाही. त्यांनीच बाटली सिंकखाली नेऊन ठेवली.

मुळं मात्र तीनची पाच झालीत, कोळशाला चिकटलेली. म्हणून फेकवत नाही. डबा कपाटाआड, सावलीत.

१६ जून

चिरंजीवांचा प्रश्न : "आई, बी का नाही पेरत? एका शेंगेत लाखो असतात म्हणे." असतात खरंच, पण धुळीसारख्या. ज्वारीच्या दाण्यात कोवळ्या कोंबाची शिदोरी असते तशी त्यांच्यात नसते. रानात विशिष्ट बुरशी येऊन त्या बीला पोसते तेव्हाच ते रुजतं. १९२२ मध्ये ल्युइस क्नडसन यांनी बुरशीऐवजी बाटलीत साखर घातलेल्या आगरच्या जेलीवर बी रुजवून दाखवलं. पुढे १९४९ मध्ये गॅव्हिनो रोटर यांनी फॅलच्या दांडीवरचे डोळे बाटलीत वाढवून रोपं केली. मी चिमटा घेऊन जे करतेय त्याचाच निर्जंतुक, शहाणा थोरला भाऊ. आमच्या स्वयंपाकघरात निर्जंतुक काही राहत नाही, तेव्हा बियांचा विषय बंद.

डेंड्रोच्या दोन जुन्या काड्यांवर वरच्या पेरांतून पिल्लं. कौतुक करायच्या आधी खाली बघितलं : कुंडीतली निम्मी मुळं मेलेली, अर्थात बादली. खाली मुळं गेली की डेंड्रो असं काडीवर नवं बिऱ्हाड मांडतं. त्यालाही साल-कोळशात हलवलं. पिल्लं काडीवरच राहू देत.

७ जुलै

पाऊस. स्टीलची घमेली गॅलरीत मांडली. टीडीएस ११. बाबा मीटर हातात घेऊन दिसेल ते पाणी मोजतायत, आमटीसुद्धा मोजणार होते.

२१ जुलै

डेंड्रोच्या काडीवरून मुंग्यांची रांग. रांगेच्या टोकाला कापसासारखं पांढरं : पिठ्या ढेकूण. मुंग्या त्याच्या गोड चिकट्यासाठी त्याला सांभाळतात, म्हणून मुंग्या दिसल्या की पानांचे खालचे सांधे बघायचे. कापसाच्या काडीवर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एकेक पुसला. पाचव्या आणि दहाव्या दिवशी पुन्हा, कारण अंडी एका फेरीत जात नाहीत.

११ ऑगस्ट

दोन गोष्टी, दोन्ही चांगल्या.

चौथ्या पेरावरच्या पिल्लाला मुळाचा पहिला हिरवा ठिपका. तीन महिने नुसती पानं वाढत होती. मी जूनमध्ये त्याच्या बुडाशी ओलसर मॉस बांधलं होतं ते दोनदा कोरडं पडलं, तरी पावसाळी हवेनं काम केलं.

आणि कपाटाआडचं फॅल-१. टीडीएस मोजायला बाबा डबा बाहेर घेऊन आले आणि म्हणाले, "सूनबाई, हे बुडाशी हिरवं काय आहे गं?" मला वाटलं शेवाळं. चष्मा लावला. खोडाच्या बाजूनं, जुन्या पानाच्या बेचक्यातून, तांदळाएवढी दोन पानं. टोक कुजलं म्हणून खालच्या डोळ्यावरचा टोकाचा दाब सुटला आणि तो जागा झाला. केळ तोडली की बुडखा पिलं देतो तसं. हे पिल्लू तोडायचं नाही, आईच्याच मुळांवर वाढेल.

२२ सप्टेंबर

पिल्लाची मुळं : ४ सेंटिमीटर, ३, आणि १. खत १९:१९:१९, लिटरला पाव ग्रॅम, दोन आठवड्यांतून एकदा. तिसऱ्या पेरावरचा कोबी पिवळा पडला, कापून टाकला. दुसरं पेर अजून झोपलंय, झोपू दे.

२० ऑक्टोबर

मुळं : ७, ६ आणि ४. पानं तीन. आज वेगळं केलं. पिल्लाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर दांडी ठेवून कापलं, म्हणजे लहान डब्यात ते तुकडे टेकून रोप उभं राहतं. साल बारीक, मोठ्या झाडाला घातली त्याच्या निम्मी. मुळं आत वळवताना एक मोडलं, कट्कन आवाज आला आणि मी बाबांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते.

डेंड्रोची दोन पिल्लंही उतरवली. एक नणंदेला बडोद्याला जाणार, सोबत पाण्याबद्दलची दोन पानी चिठ्ठी.

१० नोव्हेंबर

रात्री गार व्हायला लागल्यात, पहाटे १६. फॅल-२ च्या दुसऱ्या पानाखालून काहीतरी बाहेर येतंय. मूळ असेल तर टोक गोल नि गुळगुळीत असतं, दांडी असेल तर हातमोज्याच्या अंगठ्यासारखं वाकडं, चपटं. वाकडं आहे. भाजलेल्या पानाचा कागदी तुकडा अजून तिथेच, आखलेल्या रेषेसकट.

फॅल-१ च्या बुडचं पिल्लू : दोन पानं, मोठं ५ सेंटिमीटर. चुण्या नाहीत.

लहान डब्यावर बाबांनी स्वतः चिकटपट्टी लावून तारीख घातली आणि तो आपल्या खोलीच्या खिडकीत नेला. पूर्वेचीच खिडकी आहे, मोजून बघितलं. स्प्रेची बाटली अजून सिंकखालीच. कालनिर्णयवर या महिन्यात चार "अं" आणि एक लाल पेनातला "अंबा". विचारलं, आंब्याचं काय?

"तो नाही गं. बाळाचा वेगळा."

१७ नोव्हेंबर

अं, अंबा. टाकीचं पाणी ५१०, नर्मदेचं २३०. साठवलेलं पावसाचं अर्धी बादली उरलंय, ते बाळाला.